गट एक, पोटहिस्से आठ: ओपनबीएसडीसाठी डिस्कची आखणी

एका जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम मी गेल्या वर्षभरात तीनदा बसवली. तिन्ही वेळा इन्स्टॉलर न अडखळता शेवटपर्यंत गेला आणि तिन्ही वेळा यंत्र नीट सुरू झाले. तरीही पहिल्या दोन वेळा काही आठवड्यांतच सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी लागली, कारण डिस्कची आखणी, म्हणजे तिच्या जागेची वाटणी, चुकली होती. डेबियन लिनक्स मी बारा वर्षे रोज वापरते, त्यामुळे पार्टिशन म्हणजे काय, ती कशी पाडायची आणि केवढी ठेवायची हे आपल्याला येते, असे मी धरून चालले होते. अनोळखी सिस्टीम बसवताना हेच सर्वांत महागात पडते, कारण शब्द तेच असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे असतात. ज्याचा हात लिनक्सवर बसलेला आहे आणि जो पहिल्यांदाच ओपनबीएसडीकडे वळतो आहे, त्याच्यासाठी ही नोंद लिहिते आहे. आज्ञांची आणि फोल्डरांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

यंत्राची हकीकत थोडक्यात अशी. मेमरी ८ जीबी, एसएसडी २४० जीबी, आणि बॅटरी पूर्ण निकामी. हा लॅपटॉप तासगावजवळ आईकडे ठेवायचा होता, म्हणजे मी तिकडे गेले की मला लिहायला आणि एरवी आईला तिचे हिशेब व फोटो पाहायला. पावसाळ्यात तिकडे वीज जाते-येते, आणि बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद पडतो. ही बाब सुरुवातीलाच सांगते, कारण आखणीचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघाले.

२४० जीबी हा खोक्यावरचा आकडा. डिस्कवर प्रत्यक्षात ४६,८८,६२,१२८ सेक्टर आहेत, प्रत्येक ५१२ बाइटचा. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतात आणि ओपनबीएसडी १०२४ एमबीचा एक जीबी धरते, त्यामुळे तीच डिस्क तेथे साधारण २२३.५ जीबी भरते. वहीत २४० धरून वाटे पाडले, तर शेवटच्या वाटेकऱ्याला सोळा जीबी कमी पडतात. माझ्या पहिल्या कागदावर नेमके हेच झाले होते.

आता शब्दांकडे येते. लिनक्सच्या साध्या मांडणीत पार्टिशन म्हणजे डिस्कच्या तक्त्यात, एमबीआर किंवा जीपीटीमध्ये, नोंदवलेला एक तुकडा. एक नोंद, एक पार्टिशन, त्यावर एक फाइल सिस्टीम, म्हणजे फाइल्स मांडण्याची व शोधण्याची व्यवस्था. ओपनबीएसडीत ही वाटणी दोन पायऱ्यांनी होते, आणि शेतजमिनीच्या कागदांशी ज्याचा कधी संबंध आला असेल त्याला ती चटकन उमजेल. डिस्कच्या तक्त्यात ओपनबीएसडीच्या नावावर एकच नोंद असते, जसा सातबाऱ्यावरचा एक गट. ती नोंद करण्याचे काम एफडिस्क करते. त्या गटाच्या आत पोटहिस्से पाडण्याचे काम डिस्कलेबल ही वेगळी आज्ञा करते, आणि ओपनबीएसडीचे लोक पार्टिशन म्हणतात ते या पोटहिस्स्यांना. बाहेरच्या तक्त्यात त्यांचा मागमूसही नसतो. त्यामुळे लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून डिस्क पाहिली, तर ओपनबीएसडीचा सगळा पसारा वरवर एकच अखंड तुकडा वाटू शकतो, आणि ती जागा रिकामी समजून कोणी पुसून टाकण्याचा धोका खरा आहे.

पोटहिस्से आकड्यांनी नव्हे, अक्षरांनी ओळखले जातात. 'ए' म्हणजे रूट, सगळ्या फोल्डरांचे मूळ; 'बी' म्हणजे स्वॅप, मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा; आणि 'सी' हा कोणाचाच वाटा नाही. 'सी' म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत अख्खी डिस्क, आणि तिला हात लावायचा नसतो. 'डी'पासून पुढची अक्षरे आपल्या वाटणीसाठी असतात. मधले 'आय' हे अक्षर शेजाऱ्याला, म्हणजे ओपनबीएसडीच्या नसलेल्या पहिल्या तुकड्याला मिळते. जीपीटी डिस्कवर यूईएफआयचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, बूट पार्टिशन बहुधा तेथे दिसते. मी बसवलेल्या आवृत्तीत 'ए' ते 'पी' अशी सोळा अक्षरे होती. पहिली डिस्क एसडी० असेल तर तिच्यावरचे रूट एसडी०ए. एवढे कळले की इन्स्टॉलरचे प्रश्न परके वाटत नाहीत.

पहिल्या वेळी मी इन्स्टॉलरने सुचवलेली आखणी नाकारली. तो दहा तुकडे दाखवत होता आणि मला ते जुन्या काळचे अवडंबर वाटले. डेबियनचा इन्स्टॉलर नवख्यांना सगळ्या फाइल्स एकाच पार्टिशनमध्ये ठेवण्याची शिफारस करतो, आणि मी वर्षानुवर्षे तसेच करत आले होते. म्हणून ८ जीबी स्वॅप आणि उरलेली सगळी जागा रूटला, अशी दोनच पार्टिशन पाडली. पाच आठवडे सगळे सुरळीत चालले.

मग जुलैमध्ये एका संध्याकाळी मी मजकूर साठवत असतानाच वीज गेली. वीज आल्यावर यंत्र सुरू केले, तर आपोआप होणारी तपासणी फसली असून मदत हवी, अशा अर्थाची ओळ येऊन ते एकल-वापरकर्ता, म्हणजे दुरुस्तीपुरत्या, अवस्थेत थांबले. डेबियनवर अशी अवस्था मी पाहिलीच नव्हती, आणि त्याला कारण आहे. तेथील ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम जर्नल ठेवते, म्हणजे करायच्या बदलांची आधी नोंद करते, आणि अचानक बंद पडल्यावर ती नोंद वाचून काही क्षणांत सावरते. ओपनबीएसडीच्या एफएफएस या फाइल सिस्टीमला जर्नल नाही. अचानक बंद पडल्यावर एफएससीके ही आज्ञा फाइल सिस्टीमचा सगळा हिशेब पुन्हा जुळवते. किरकोळ फरक ती स्वतः दुरुस्त करते, आणि मोठी विसंगती दिसली तर माणसाला विचारण्यासाठी थांबते. मी एकेका प्रश्नाला होकार देत गेले. तपासणी संपली तेव्हा लॉस्ट अँड फाउंड या फोल्डरात नाव हरवलेल्या ३७ फाइल्स पडल्या होत्या, त्यांची जुनी नावे गेलेली आणि त्या जागी नुसते आकडे. यातल्या कोणत्या सिस्टीमच्या, कोणत्या लॉगच्या, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीच्या, आणि कोणत्या माझ्या मजकुराच्या, हे एकेक उघडून ओळखण्यात पूर्ण रविवार गेला.

त्या रविवारी मला इन्स्टॉलरच्या दहा तुकड्यांचा पहिला अर्थ कळला. प्रत्येक फाइल सिस्टीमला स्वतःचे लॉस्ट अँड फाउंड असते. /होम, म्हणजे वापरकर्त्यांच्या फाइल्सचे फोल्डर, वेगळे असते, तर तेथे सापडलेली अनाथ फाइल माझीच असती आणि /व्हारमधली लॉगची असती. रूटमध्ये त्या संध्याकाळी फारसे काही लिहिलेच जात नव्हते, तर तेथे बहुधा काहीच सापडले नसते. शिवाय रूट लहान असेल तर त्याची तपासणी लवकर संपते, आणि मग बाकीच्या तुकड्यांच्या दुरुस्तीची हत्यारे हाताशी येतात. ओपनबीएसडीने ही हत्यारे जपलेलीही आहेत: /बिन आणि /एसबिनमधले प्रोग्राम स्टॅटिक पद्धतीने जोडलेले असतात, म्हणजे त्यांना चालण्यासाठी /यूएसआर या मूळ सिस्टीमच्या फोल्डरातल्या कोणत्याही लायब्ररीची गरज नसते. /यूएसआर माउंटच झाले नाही, म्हणजे सिस्टीमला जोडले गेले नाही, तरी एवढ्याशा रूटवरून यंत्र सावरता येते. ही सोय सिस्टीम बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक केलेली आहे, आणि मी सगळे एकाच तुकड्यात ओतून तिच्यावर पाणी सोडले होते.

दुसरा अर्थ परवानग्यांचा आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. लिनक्सवर पार्टिशन पाडताना मी नेहमी जागेचा विचार करत असे: हे भरले तर ते अडू नये. ओपनबीएसडीत त्या जोडीला दुसरा हिशेब चालतो, तो म्हणजे कोणत्या जागेत काय करायला मुभा आहे आणि काय करायला नाही. या मुभा माउंट करताना दिल्या जातात, म्हणजे त्या फाइलला किंवा फोल्डरला नव्हे, तर अख्ख्या फाइल सिस्टीमला लागू होतात. /टेम्प या तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरात कोणीही लिहू शकते, म्हणून ते नोसूइड आणि नोडेव्ह अशा अटींसह माउंट होते: तेथे कोणी मालकाचे अधिकार उसने घेणारा प्रोग्राम आणून ठेवला तरी ते अधिकार त्याला मिळत नाहीत, आणि हार्डवेअरचे दार उघडणारी डिव्हाइस फाइल तयार केली तरी ती चालत नाही. /होम आणि /व्हारलाही याच अटी असतात. /यूएसआरला मात्र नोसूइड लावता येत नाही, कारण सिस्टीमचे काही वैध प्रोग्राम याच मार्गाने अधिकार घेतात. इन्स्टॉलर या अटी ज्या त्या तुकड्याला आपोआप लिहून देतो. पण तुकडेच नसतील तर तो लिहिणार कोठे? माझ्या अखंड रूटवर सिस्टीमच्या प्रोग्रामसाठी जी ढील आवश्यक होती, तीच /टेम्पमध्ये पडणाऱ्या कोणत्याही फाइललाही मिळत होती.

याहून विशेष मुभा /यूएसआर/लोकलची आहे. २०१६ साली आलेल्या ६.० या आवृत्तीपासून ओपनबीएसडी एक कडक नियम पाळते: मेमरीच्या एका पानावर एक तर लिहिता येईल किंवा तेथील आज्ञा चालवता येतील, दोन्ही एकाच वेळी नाही. बाहेरून घुसवलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवण्याच्या हल्ल्यांना याने मोठा अटकाव होतो. पण जावा किंवा नोडसारखे काही प्रोग्राम चालता चालता नव्या आज्ञा मेमरीत तयार करतात, आणि त्यांना या नियमातून सवलत लागते. ही सवलत मिळण्यासाठी प्रोग्रामवर तशी खूण असावी लागते आणि तो ज्या फाइल सिस्टीमवर आहे तिच्यावर डब्ल्यूएक्स-अलाउड ही अट असावी लागते. इन्स्टॉलर ती अट /यूएसआर/लोकललाच लावतो, कारण बाहेरचे सगळे प्रोग्राम तेथेच येतात. एकच पार्टिशन असेल, तर ही सवलत द्यायची झाल्यास पूर्ण सिस्टीमला द्यावी लागते. ज्या गुणासाठी आपण ही सिस्टीम निवडली, तोच गुण आळसापायी बोथट करण्यात काय हशील?

दुसऱ्या वेळी मी तुकडे पाडले, पण आकार लिनक्सच्या सवयीने ठरवले, आणि ही चूक पहिलीइतकीच बोलकी आहे. डेबियनवर एपीटीने बसवलेले सगळे /यूएसआरमध्ये जाते आणि /यूएसआर/लोकल हे फोल्डर यंत्राच्या मालकासाठी जवळपास रिकामे सोडलेले असते. म्हणून मी /यूएसआरला ४० जीबी दिले आणि /यूएसआर/लोकलला २. ओपनबीएसडीत व्यवस्था उलटी आहे: /यूएसआरमध्ये फक्त मूळ सिस्टीम, जिचा आकार आपल्या आवडीनिवडीवर वाढत नाही, आणि पीकेजी-अ‍ॅडने बसवलेले प्रत्येक पॅकेज, मग तो ब्राउझर असो, लिब्रेऑफिस असो किंवा डेस्कटॉप, /यूएसआर/लोकलमध्ये. एक्सएफसीई हा डेस्कटॉप आणि फायरफॉक्स बसले. लिब्रेऑफिसच्या वेळी पीकेजी-अ‍ॅडने आधीच जागा मोजून सांगितले की एसडी०एच, म्हणजे /यूएसआर/लोकलचा तुकडा, पुरेसे मोठे नाही. शेजारी /यूएसआरमध्ये ३५ जीबीहून अधिक जागा मोकळी पडून होती आणि ती इकडे देता येत नव्हती.

देता का येत नव्हती, हे नीट कळणे अत्यावश्यक आहे. तुकड्यांचे आकार मागाहून सहज बदलू देणाऱ्या एलव्हीएम आणि झेडएफएस या व्यवस्था ओपनबीएसडीत नाहीत. एफएफएस मोठी करता येते, लहान करता येत नाही. मोठी करण्याचे काम ग्रोएफएस ही आज्ञा करते, आणि तेही त्या तुकड्याला लागूनच पुढे मोकळी जागा असेल तरच. म्हणजे बांध पुढे सरकवता येतो, पण पलीकडचे रान रिकामे असायला हवे; मागे घेता येत नाही. त्यामुळे आखणीत आकाराइतकाच क्रमही ठरवावा लागतो: कोणता तुकडा कोणाच्या शेजारी बसेल, आणि मोकळी जागा कोणाच्या पुढे सोडायची.

तिसऱ्या वेळी इन्स्टॉलर सुरू करण्याआधी मी दोन संध्याकाळी नुसत्या वाचनात घालवल्या. ओपनबीएसडीची मॅन पाने, म्हणजे सिस्टीमसोबतच येणारी माहितीपत्रके, अतिशय काळजीने लिहिलेली असतात, आणि या कामासाठी दोन पुरेशी आहेत: हायर, ज्यात कोणत्या फोल्डरात काय राहते हे सांगितले आहे, आणि डिस्कलेबल, ज्यात आपोआप होणाऱ्या आखणीत कोणत्या तुकड्याला डिस्कचा किती टक्के भाग मिळतो आणि त्याची किमान व कमाल मर्यादा काय, याचा तक्ता आहे. हा तक्ता म्हणजे अनेक वर्षांच्या अनुभवाचा सारांश आहे, आणि तो बदलतही गेला आहे. एके काळी त्यात /यूएसआरची कमाल मर्यादा २ जीबीच होती. पुढे मूळ सिस्टीम वाढली आणि त्या काळी आखलेल्या यंत्रांवर आवृत्ती बदलताना /यूएसआर अपुरे पडू लागले. म्हणून आकडा जसाच्या तसा न घेता त्यामागचे कारण समजून घेतलेले बरे.

वहीत शेवटी उतरलेली आखणी अशी होती. रूटला २ जीबी: त्यात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मूळ हत्यारे आणि सेटिंग्जचे फोल्डर /ईटीसी एवढेच असते, आणि १ जीबीही चालला असता. स्वॅपला ९ जीबी, कारण हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जपून यंत्र बंद करताना, मेमरीतला मजकूर स्वॅपवर उतरतो आणि कर्नल कोसळला तर मेमरीची नक्कलही आधी तेथेच लिहिली जाते. ८ जीबी मेमरीला त्याहून लहान स्वॅप ठेवणे म्हणजे या दोन्ही सोयी गमावणे. /टेम्पला ४ जीबी.

/व्हारला १६ जीबी दिले आणि त्यावर मी सर्वांत जास्त खल केला. कर्नल कोसळल्यानंतर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ती नक्कल स्वॅपवरून /व्हार/क्रॅशमध्ये हलवली जाते, म्हणून /व्हारमध्ये मेमरीच्या आकाराची जागा गृहीत धरावी लागते. सिसपॅच या आज्ञेने लावलेल्या सिस्टीमच्या दुरुस्त्या मागे घेता याव्यात यासाठी जुन्या फाइल्सही /व्हारमध्येच राहतात. आणि ज्याला या यंत्रावर वेबसाइट किंवा डेटाबेस ठेवायचा असेल, त्याने १६ जीबीवर थांबू नये: ओपनबीएसडीचा वेबसर्व्हर /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या बाहेर पाहू शकत नाही, त्याला तेथेच कोंडलेले असते, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेसही आपला डेटा /व्हारमध्येच ठेवते. सर्व्हरसाठी ही आखणी करणाऱ्याचे सगळ्यात मोठे पार्टिशन /होम नव्हे, /व्हार असायला हवे.

/यूएसआरला १२ जीबी. येथे एक खास गोष्ट आहे: २०१७ सालच्या ६.२ आवृत्तीपासून ओपनबीएसडी दर वेळी यंत्र सुरू झाल्यावर पुढच्या वेळेसाठी कर्नलची नव्याने, वेगळ्या क्रमाने जुळणी करते, म्हणजे दोन यंत्रांवरचा किंवा दोन दिवसांचा कर्नल मेमरीत सारखा मांडलेला नसतो. या जुळणीचे सुटे भाग /यूएसआरमध्ये राहतात आणि कामही तेथेच चालते. त्यामुळे /यूएसआर फक्त वाचण्यापुरते माउंट करून ठेवण्याची जुनी युनिक्स सवय येथे उपयोगाची नाही. ग्राफिक्सच्या मूळ भागासाठी /यूएसआर/एक्स११आर६ला १ जीबी, आणि /यूएसआर/लोकलला या खेपेस ३० जीबी दिले. सिस्टीमचा सोर्स आणून स्वतः कंपाइल करायची असेल तर लागणारे /यूएसआर/एसआरसी आणि /यूएसआर/ओबीजे हे दोन तुकडे मी गाळले. सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१७ पासून सिसपॅचने तयार स्वरूपात मिळतात, आणि कंपाइल करण्याचा माझा विचार नाही.

/होमला १०० जीबी. डेबियनवर माझे आणि आईचे मिळून ६१ जीबी भरले होते, त्यात बहुतेक फोटो. शिवाय सिसअपग्रेड ही आवृत्ती बदलणारी आज्ञा उतरवलेल्या फाइल्स /होममध्येच एका फोल्डरात ठेवते, म्हणून /होम कधी काठोकाठ भरू द्यायचे नाही. बेरीज १७४ जीबी झाली. उरलेली सुमारे ४९ जीबी जागा मी कोणाच्याच नावावर केली नाही, आणि /होम मुद्दाम शेवटी ठेवले, म्हणजे ती मोकळी जागा त्याला लागून राहील. /होम वाढवायचे झाले तर बांध पुढे सरकवता येईल. /यूएसआर/लोकल पुन्हा कमी पडले तर त्या जागेत नवा, मोठा तुकडा पाडून सगळे तिकडे हलवता येईल आणि माउंटच्या यादीतली एक ओळ बदलली की काम होईल. डिस्क विकत घेतली म्हणजे ती पहिल्याच दिवशी पूर्ण वाटून टाकली पाहिजे, ही सवय मोडायला मला वेळ लागला. आपोआप होणारी आखणीसुद्धा फार मोठ्या डिस्कवर उरलेली जागा मोकळीच सोडते.

मोकळ्या जागेबद्दल आणखी एक बाब: एफएफएस प्रत्येक तुकड्यातली ५ टक्के जागा राखून ठेवते आणि ती सामान्य वापरकर्त्याला मिळत नाही. रूट वापरकर्ता, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, त्या राखीव जागेतही लिहू शकतो, म्हणून जागा किती भरली हे दाखवणाऱ्या डीएफ या आज्ञेच्या उत्तरात कधी कधी १०२ टक्के असा आकडा दिसतो. तो बिघाड नव्हे. पण तेथवर येऊ देऊ नये.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना जपायच्या जागा दोनच. पहिली, डिस्क कोणती हा प्रश्न. एसएसडी आणि पेनड्राइव्ह दोघांचीही नावे एसडीनेच सुरू होतात, आणि एसडी० कोण व एसडी१ कोण हे दर वेळी तेच असेल असे नाही. त्या प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह टाइप केले की प्रत्येक डिस्कचे मॉडेल आणि आकार दिसतो. तो वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती आधीच काढून ठेवावी.

दुसरी जागा याहून नाजूक आहे. डेबियनचा इन्स्टॉलर सगळी आखणी आधी मांडून दाखवतो आणि डिस्कवर लिहिण्यापूर्वी एकदा स्पष्ट विचारतो. ओपनबीएसडीत तसे नाही. पूर्ण डिस्क वापरायची असे उत्तर दिले की एफडिस्क त्याच क्षणी नवा तक्ता लिहून टाकते, आणि जुन्या सिस्टीमच्या नोंदी तेथेच संपतात. पोटहिस्स्यांचा प्रश्न त्यानंतर येतो. डिस्कलेबलच्या संपादकात मात्र लिहा असे सांगेपर्यंत काहीही लिहिले जात नाही आणि एक्स दाबून बदल न ठेवता बाहेर पडता येते, पण माघारीची वेळ तोवर निघून गेलेली असते. म्हणून यंत्रावर विंडोज किंवा लिनक्स राखायचे असेल तर पूर्ण डिस्कऐवजी संपादनाचा पर्याय निवडून आधीच रिकाम्या करून ठेवलेल्या जागेत ओपनबीएसडीची नोंद करावी, आणि ती जागा विंडोजमधूनच मोकळी करून घ्यावी. मला ही गरज नव्हती, त्यामुळे त्या वाटेचे अधिक तपशील मी देत नाही.

संपादकात शिरल्यावर प्रत्येक तुकड्यासाठी चारच प्रश्न येतात: सुरुवात कोठे, आकार केवढा, फाइल सिस्टीम कोणती आणि माउंट कोठे. आकार सेक्टरमध्ये लिहिण्याची गरज नाही. ३० आणि त्याला चिकटून जी हे अक्षर लिहिले की ३० जीबी होतात. फाइल सिस्टीमच्या उत्तरात आधीच ४.२बीएसडी असे भरलेले दिसते. पहिल्या वेळी मला ते ओपनबीएसडीच्याच एखाद्या आवृत्तीचे नाव वाटले होते. ते १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून आलेल्या ४.२बीएसडीचे नाव आहे, जिच्यातून ही फाइल सिस्टीम पहिल्यांदा लोकांच्या हाती आली. २०२० सालच्या ६.७ आवृत्तीपासून बहुतेक यंत्रांवर तिची दुसरी पिढी, एफएफएस२, वापरली जाते, पण लेबलवरचे नाव बर्कलीचेच राहिले आहे.

हा सगळा हिशेब ओपनबीएसडीचा आहे, हेही सांगायला हवे. तिचेच भावंड असलेल्या फ्रीबीएसडीवर झेडएफएस निवडले, तर आकारांची ही चिंता जवळपास उरत नाही, कारण तेथे सगळे तुकडे एकाच सामाईक साठ्यातून जागा घेतात. पण परवानग्यांचा विचार तेथेही सुटलेला नाही. इन्स्टॉलर /टेम्पसाठी वेगळा डेटासेट, म्हणजे साठ्यातला स्वतंत्र विभाग, करतो आणि त्यावर अधिकार उसने घेण्याची मुभा बंद ठेवतो. कोणत्या जागेत काय चालू द्यायचे, हे आधी विचारले की अनोळखी सिस्टीमची फोल्डरे लवकर ओळखीची होतात, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या वेळच्या आखणीला आता आठ महिने झाले. माउंटच्या यादीत आठ ओळी आहेत, प्रत्येकीच्या सुरुवातीला डिस्कची सोळा अक्षरांची ओळख, मग टिंब आणि पोटहिस्स्याचे अक्षर. पेनड्राइव्ह लावलेला असताना डिस्कचे नाव एसडी१ झाले तरी ही ओळख बदलत नाही. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि आईच्या हिशेबांचे सगळे बसून /यूएसआर/लोकल निम्म्याहूनही कमी भरले आहे. या काळात वीज अनेकदा गेली. दर वेळी सुरू होताना तपासणी झाली, आणि फक्त एकदा, /होममध्ये, दोन अनाथ फाइल्स सापडल्या. दोन्ही माझ्या मजकुराच्या तात्पुरत्या प्रती होत्या. काल रात्री डीएफने /होम ७४ टक्के दाखवले, म्हणजे आईच्या फोटोंचा पुढचा गठ्ठा चढवण्याआधी ग्रोएफएस चालवून त्या ४९ जीबींपैकी ३० तिकडे द्यायचे आहेत, आणि त्यासाठी आधी बाहेरच्या डिस्कवर /होमची पूर्ण नक्कल घेऊन ठेवणार आहे.